मुंडीचा मान

भैरू वरुट्याला आडवण गावात सगळे 'डॉक्टर' म्हणत, आणि त्यात कौतुकाचा अंशही नव्हता. शिकारीला निघताना ज्याच्या खांद्यावर बंदुकीपेक्षा बाटल्यांची पिशवी जड, त्याला दुसरं काय म्हणायचं? सांबर पडलं की बाकीची मंडळी तंबाखू मळायला बसायची, आणि हा बाबा कोपरापर्यंत रबरी मोजे चढवणार, डोळ्यांना चष्मा लावणार, पुढं प्लास्टिकचं फडकं बांधणार, आणि मग कुठं सुरीला हात. "डॉक्टर, पेशंटला भूल दिलीसा न्हवं?" असं कुणीतरी विचारायचंच. मग सगळ्यांनी खो खो हसायचं.

हसोत बापडे. भैरूला झीज ठाऊक होती.

सह्याद्रीच्या त्या अंगाला गावं रिकामी झाली, शेतं रानात गेली आणि सांबरं बेसुमार वाढली, तेव्हा सरकारनं परवाने काढले. दिवाळी ते शिमगा, ठरलेली जनावरं मारा, मटण खा, पण नियमानं. ते बरं चाललं होतं. मग कुणा धनिकानं खासगी बागेत परदेशातून आणून ठेवलेली हरणं, एका पुरात कुंपण वाहून गेल्यावर, रानात शिरली आणि त्यांच्याबरोबर झीज नावाची ही बला आली. आधी जनावर नुसतं रोडावतं. मग लाळ गळते, कान पडतात, माणूस समोर आला तरी पळायचं त्याला सुचत नाही. मेंदूची चाळण होऊन ते मरतं. पण हे दिसायला लागण्याआधी वर्ष-दोन वर्षं ते चांगलं धडधाकट हिंडत असतं, आणि रोग तेव्हाही त्याच्या अंगात असतोच.

जंतू असता तर मारता आला असता. हा जंतूच नव्हे. आपल्या सगळ्यांच्याच मेंदूत एक प्रथिन असतं, नीट घडी घालून ठेवल्यासारखं. त्यातल्या एखाद्याची घडी चुकते. कपाटातली एक साडी चुरगळली म्हणून शेजारची काही चुरगळत नाही. पण हे प्रथिन ज्याला टेकेल त्याची घडी आपल्यासारखी करून टाकतं, ते पुढच्याची, आणि असं मेंदूभर. शास्त्रज्ञ त्याला प्रायॉन म्हणतात. आता जे मुळात जिवंतच नाही ते मारणार कसं? कुकरच्या दहा शिट्ट्या घ्या, दारूत बुडवा, वर्षानुवर्षं मातीत पुरा, त्याला ढिम्म फरक पडत नाही. मेंदू, डोळे, मणक्यातला दोर, मानेतल्या गाठी, प्लीहा, या जागी ते ठासून भरलेलं असतं. म्हणून पाठीचा कणा कापायचा नाही, मटण हाडापासून सोडवून घ्यायचं, सुऱ्या कडक ब्लीचमध्ये बुडवून ठेवायच्या, आणि मुंडी डब्यात बंद करून तालुक्याच्या तपासणी केंद्रात धाडायची. केंद्राचा निरोप येईपर्यंत मटणाचा तुकडाही तोंडात घालायचा नाही.

केंद्रातलं मशीन दिसायला वॉशिंग मशीनच्या धाकट्या भावासारखं होतं. त्यात चांगल्या घडीच्या प्रथिनाचं पाणी असे. जनावराच्या मेंदूचा टाचणीच्या टोकाएवढा कण त्यात सोडायचा आणि मशीननं ते पाणी ऊब देत हलवत राहायचं. त्या कणात चुकीची घडी असली तर बघता बघता सगळं पाणी बिघडतं आणि आत सोडलेला रंग हिरवा चमकायला लागतो. नसली तर पाणी तसंच काळं राहतं. पूर्वी याला दिवस लागायचे, आता जेवण आटपेपर्यंत उत्तर यायचं. त्या भागात तर 'चमकणं' या शब्दाचा अर्थच पालटून गेला होता. पोरगं परीक्षेत चमकलं असंसुद्धा कुणी म्हणेना.

माणसाला झीज लागते का? बरीच वर्षं सगळे म्हणत होते, पुरावा नाही. मग विदर्भाकडचे दोन-तीन शिकारी ऐन चाळिशीत गेले, बायकापोरांची नावं विसरून, स्वतःशीच हसत. त्यानंतर पुरावा नाही असं म्हणायचं लोकांनी बंद केलं.

एवढं सगळं ठीक. पण गावाला रीत म्हणून काही असते की नाही? आडवणात शिकारीच्या मुंडीचा मान वरुट्यांचा. मुंडी आधी भैरोबापुढं ठेवायची, मग वरुट्यांच्या चुलीवर शिजवायची, आणि घरात पोटुशी लेक असेल तर मगजाचा पहिला घास तिला. पोर तिखट नजरेचं निपजतं म्हणत. केंद्रात गेलेली मुंडी मात्र माघारी येत नाही, तपासून झाली की ती जाळून टाकतात. तेव्हा मान बंद पडला. बंद केला तो भैरूनंच, परवानाधारक म्हणून सही त्याची होती. आणि नेमकं त्याच साली त्याच्या लेकीचं, सानिकाचं, पहिलं बाळंतपण फसलं. तालुक्याच्या दवाखान्यानं हात वर करून कोल्हापूरला पाठवलं, आणि घाटवाटेच्या रस्त्यात, रुग्णवाहिकेतच, पोर गेलं. भैरूचे वडील, आबा, तेव्हा कुणाला काही बोलले नाहीत. पण त्यांच्या मनात हिशेब पक्का बसला होता.

यंदा सानिकाला परत दिवस गेले. जावई फौजेत, सीमेवर. सातव्यात तिला माहेरी आणायची होती, आणि त्याच दिवशी सकाळी भैरूच्या बंदुकीला सांबराची मादी पडली.

म्हातारी मादी होती. ओढ्याच्या वरच्या अंगाला उभी होती आणि मंडळींची चाहूल लागूनही क्षणभर तशीच उभी राहिली. भैरूच्या मनात तेवढं खटकलं. पण अंगानं ती भरलेली होती, लाळबीळ काही नव्हती, आणि म्हाताऱ्या जनावराला कमी ऐकू येतं. शिवाय मशीन होतंच की. त्यानं चाप ओढला. सगळं नियमानं केलं, मुंडी सोडवताना जबडा उघडून दात पाहिले, पार झिजून हिरड्यांना टेकले होते. मुंडी डब्यात घातली.

"तू जा पोरीला आणायला," आबा म्हणाले. "डबा मी वडापच्या जीपमध्ये बसून पोचवतो. एवढं काय मला जमत न्हाई व्हय?"

पंचाहत्तरीच्या बापानं आपणहून काम अंगावर घेतलं म्हणून भैरूला उलट बरंच वाटलं. संध्याकाळी केंद्राचा निरोप आला: चमकलं नाही. दुसऱ्या दिवशी गावात घरटी वाटे गेले. सानिका माहेरच्या कट्ट्यावर पाय पसरून रस्सा ओरपत होती, मालन, तिची आई, वाढत होती, आणि आबा नातीकडं बघून खुशीत मिशीवरनं हात फिरवत होते. भैरूला वाटलं, चला, या खेपेला सगळं नीट होणार.

त्यानंतर आठवड्याभरानं केंद्रातल्या मुल्ला मॅडमचा फोन आला. या मॅडम पशुवैद्य, बोलायला मोकळ्या, आणि भैरूवर त्यांचा भारी लोभ.

"वरुटे, खालच्या गावात नवीन परवानेवाल्यांना शिकवायचंय. तुम्ही या. हातमोजे कसे काढायचे तेसुद्धा लोकांना येत नाही हो. घालतात झकास आणि काढताना सगळं अंगाला फासून घेतात."

"येतो की. कवा यायचं?"

"सांगते. आणि तुमची परवाची मुंडी छान होती. कोवळं जनावर. दोन वर्षांचं फार तर, दात अगदी कोरे. एवढ्या लहान मादीवर बंदूक उचलत नाही तुम्ही सहसा, म्हणून आश्चर्य वाटलं."

भैरू परड्यात उभा होता. हातात कोंबड्यांच्या दाण्याचं भांडं होतं. त्यानं ते खाली ठेवलं.

"मॅडम, माझीच मुंडी का ती? वरुट्याची?"

"तुमचंच नाव होतं डब्यावर. का हो?"

"न्हाई, काय न्हाई," भैरू म्हणाला आणि त्यानं फोन बंद केला. कोंबड्या पायाशी गोळा होऊन दाण्यासाठी कलकल करत होत्या, ते त्याला ऐकूही येत नव्हतं.

आबा पुढच्या कट्ट्यावर ऊन खात बसले होते. मालन शेजारी तांदूळ निवडत होती. सानिका शेजारणीकडं गेली होती, ते एक बरं झालं.

"आबा, डब्यात कुणाची मुंडी घातलीसा?"

आबांनी वर पाहिलं नाही. मालनचा तांदळातला हात थांबला. बायकोचा तो थांबलेला हात बघून भैरूला कळायचं ते कळलं. हिलाही माहीत होतं.

"बोला की! मी काय इचारतोय?"

"वरडू नगस," आबा म्हणाले. "खालच्या वड्याला रानकुत्र्यांनी एक मादी पाडलीती. मुंडी धड हुती. ती घातली डब्यात. सांबर ते सांबरच. मिशिनला काय कळतंय?"

"आणि माझी? मी मारल्याली?"

"देवाला दावली. मग…" आबांनी आता वर पाहिलं. "पोरीचं पयलं गेलं ते कशानं गेलं, तुला कळत न्हाई, मला कळतं. मान मोडला आपण. या टायमाला मी मोडू देणार न्हवतो."

"मगज कुणी खाल्लं?"

भैरू बायकोकडं वळला.

"मालन, मगज कुणी खाल्लं?"

"सानिकानं," मालन म्हणाली. "मीच शिजवलं. तुमास्नी सांगितलं असतं तर तुमी शिजू दिलं नसतंसा. पोरगी बी म्हणाली, पप्पांना नगो सांगाया, उगं बाटल्या घिऊन माझ्या मागं लागतील. अवो, असं काय बगताय माझ्याकडं? जनावर चांगलं हुतं की!"

घरातल्या घरात, प्रेमानं, सगळ्यांनी मिळून त्याला वेड्यात काढलं होतं. भैरूला आरडाओरडा करायचा होता. त्याऐवजी तो आत जाऊन मोजे शोधायला लागला.

मुंडीची हाडं आबांनी देवळामागं पुरली होती. जनावराची ओळख पटवायला आधी जबडाच हवा होता. भैरूनं एकट्यानं उकरलं. दात पार झिजलेले, हिरड्यांना टेकलेले. तीच म्हातारी. कवटीच्या तळाशी चिकटून राहिलेलं थोडं मांस त्यानं नियमाप्रमाणे नळीत घेतलं, उरलेलं डब्यात बंद केलं आणि मोटारसायकलीवर तालुका गाठला. वाटेत तो सारखा स्वतःला समजावत होता. जनावर म्हातारं होतं, बस्स. कमी ऐकू येत असेल. शंभरातली किती चमकतात? दोन-तीन. आपल्याच नशिबी कशाला येईल?

"रानात हाडं सापडली," त्यानं मुल्ला मॅडमना सांगितलं. "म्हटलं, तपासून बगावं." आयुष्यात त्या बाईशी तो पहिल्यांदा खोटं बोलत होता.

"याला म्हणतात शिकारी," मॅडम केंद्रातल्या पोरीला म्हणाल्या. "बघ, स्वतःचं नसताना आणून दिलं."

मशीन घुर्र करत हलत राहिलं. काचेच्या खिडकीतून नळ्यांची ओळ दिसत होती. भैरू बाकावर बसून भैरोबाचं नाव घेत होता. निम्मी नळी हिरवी झाली तेव्हा त्याला वाटलं, उजेडामुळं तसं दिसत असेल. मग सगळी नळी पेटल्यासारखी चमकली, शेजारची, तिच्या शेजारचीही, सगळ्या त्याच हाडांच्या.

"अरे बापरे," मॅडम म्हणाल्या. "कसली जोरात चमकलीय! वरुटे, कुठं सापडलं हे?"

"वड्याच्या वरच्या अंगाला."

"तिकडची शिकार बंद करायला हवी. हे कुणी खाल्लं नाही हे नशीबच म्हणा." त्यांनी त्याच्याकडं बघितलं. "एवढे घाबरू नका हो. तुमची लेक आलीय ना बाळंतपणाला? दवाखान्यात आता विचारतात, झिजेचं काही खाल्लंय का. बिनधास्त नाही म्हणायचं, तुमच्यासारख्या घरात कसली आलीय भीती."

"आणि कुणी हो म्हणालं तर?"

"तर मग अवघड. त्या बाईवर वापरलेली हत्यारं परत वापरता येत नाहीत. आपली नेहमीची वाफ त्या प्रायॉनला काही करत नाही. सुरीवर बसून राहतं ते, आणि पुढच्या पेशंटच्या अंगात जातं. म्हणून इथं हातच लावत नाहीत. सरळ कोल्हापूर. तिथं एक खोली ठेवलीय, सगळं एकदा वापरून जाळायचं."

"नाकातला बोळा घिऊन माणसाचं कळतं म्हणं?"

"कळतं. पण खाल्ल्यावर वर्ष-दीड वर्ष गेल्याशिवाय नाही. तोवर बसायचं वाट बघत. मी तर म्हणते, कळून तरी काय करायचंय? औषध कुठाय?"

घरी येताना घाटवळणावर भैरूनं गाडी बाजूला घेतली आणि तो दगडावर बसून हमसाहमशी रडला. एवढा मोठा माणूस, पण काय करणार?

पुढचे दिवस त्याच्या जिवाचे हाल झाले. गावभर फिरून, फ्रीज बिघडला होता, मटणाला वास मारतोय असल्या थापा मारत त्यानं उरलेसुरले तुकडे आणि दोरीवर वाळत घातलेल्या पट्ट्या परत गोळा केल्या. लोकांनी चेष्टा केली. "डॉक्टर, खाल्ल्यालं बी काढून देऊ का?" तो हसला, कारण हसणं भाग होतं. ज्या ज्या दारात तो उभा राहिला त्या दारातल्या पोरांच्या तोंडाकडं त्याला बघवत नव्हतं. मटणापेक्षा मगज कितीतरी वाईट, हेही त्याला ठाऊक होतं, आणि ते मगज कुणाच्या पोटात गेलं होतं हेही. सानिकाच्या हातातून भांडं निसटलं की तो तिच्या बोटांकडं बघत राहायचा. ती एखादं नाव विसरली, 'अगं ती गं, नाव बघ कसं तोंडात येत नाही' म्हणाली, की तो उठून बाहेर जायचा. इतक्या लवकर काही होत नाही हे कळत असूनही मन ऐकत नव्हतं. आबांना आणि मालनला त्यानं निकाल सांगितला होता, तेव्हापासून आबांनी अन्न टाकल्यातच जमा होतं.

सानिका काही दूधखुळी नव्हती. एका दुपारी ती परड्यात त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"पप्पा, चमकलं न्हवं?"

भैरूनं मान खाली घातली.

ती परड्यातल्या चुलीपुढच्या ओंडक्यावर बसली आणि दोन्ही हात पोटावर ठेवले. "माझं बी जाणार म्हणा की डोकं. आणि ह्याचं?"

"तसं नसतं गं. खाल्लं म्हणजे लागलंच असं न्हाई. आणि बाळाला जातं का, हे तर कुणालाच ठावं न्हाई."

"म्हणजे मला कळणारच न्हाई. दीड वर्सं ह्याला मांडीवर घिऊन मी बगत बसायचं, हे कवा विसरतंय का मी कवा विसरतीया." तिचे डोळे भरून आले, पण आवाज घट्ट होता. "पप्पा, एक ऐका. दवाखान्यात सांगायचं न्हाई. सांगितलं की कोल्हापूरला धाडणार. त्याच रस्त्यानं. मी त्या गाडीत परत न्हाई बसणार. मागच्या टायमाला माझ्या हातात गार झालं ते. हितं हात ठेवा आणि शपथ घ्या."

भैरूनं लेकीच्या पोटावर हात ठेवला. आत पोरानं ढुशी मारली. त्यानं शपथ घेतली.

कळा सुरू झाल्या त्या वेळेआधीच, भर सकाळी. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, पोर आडवं आलंय, ठोके उतरताहेत, लगेच पोट उघडावं लागेल. वेळ घालवू नका. सगळी धावपळ सुरू झाली. एक सिस्टर लगबगीनं आली, विचारायचं ते भराभर विचारत सुटली, शुगर आहे का, आधी ऑपरेशन झालंय का, आणि त्याच दमात:

"घरात कुणी झिजेचं मटण खाल्लंय? तपासणी न झालेलं काही?"

मालननं पदर तोंडात कोंबला. आबा भिंतीला टेकले. ढकलगाडीवर निजलेली सानिका बापाकडं एकटक बघत होती. कपाळावर घामाचे थेंब, आणि डोळ्यांत नुसती भीती.

"न्हाई," भैरू म्हणाला.

"डॉक्टर हाय गावचा," मागून कुणीतरी ओळखीचा शिपाई म्हणाला. "त्यांच्याकडं बिनतपासणीचं काय पण शिजत न्हाई." सिस्टर हसली आणि गाडी आत गेली.

त्यानंतर दाराकडं बघत बसायचं एवढंच उरलं. आबा पुटपुटत होते. मालन फरशीवर बसली होती. आणि मग आतून बारीक, चिडका, रागावलेला आवाज आला, आणि मालन तिथल्या तिथं रडायला लागली. "मुलगी!" सिस्टरनं दार किलकिलं करून सांगितलं. "दोघी ठणठणीत!" आबांनी सुनेच्या डोक्यावर हात ठेवला. भैरूला वाटलं, संपलं, सुटलो. एवढं हलकं त्याला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक कोवळी पोर येऊन बसली होती, पोट पुढं घेऊन, सासूच्या खांद्यावर मान टाकून. सोबत तिचा नवरा होता, खालच्या गावचा. परवाच्या शिकवणीत भैरूनं त्याला हातमोजे काढायला शिकवलं होतं.

"काका, तुमचं झालं वाटतं? पेढं पायजेत," तो म्हणाला. "आमचा नंबर आता. हिचं बी पोट उघडायचंय. लई घाबरलीया. जरा सांगा की तिला, काय होत न्हाई म्हणून."

भैरूनं त्या पोरीकडं बघितलं. सानिकापेक्षा लहान असेल. त्याच वेळी दार ढकलून एक मावशी बाहेर आली. हातात झाकलेला ट्रे होता, आतल्या वस्तू एकमेकींवर वाजत होत्या. "वाफेला लाव लवकर," आतून आवाज आला. "पुढच्या केसला लागणार. दुसरा संच नाही आपल्याकडं."

मावशी त्याच्या अंगावरून पुढं गेली. भैरू उठला. मालननं त्याच्या शर्टाचं टोक धरलं. तिनं नुसतं ओढलं, आणि मानेनं नको नको करत राहिली. पोर झालं होतं, पोर वाचलं होतं, आता कशाला? आता सांगितलं की सानिकाच्या माथ्यावर कायमचा शिक्का. आबांच्या हातात बेड्या. संध्याकाळपर्यंत आडवणातल्या घराघरात कळणार की आपण काय खाल्लं, आणि हा डॉक्टर महिनाभर आपल्याला काय थापा मारत होता. सासरचे तर पोरीला उंबऱ्यात घेणार नाहीत. हे सगळं त्याला दिसत होतं. आणि बाकावरची ती पोर, घाबरून नवऱ्याचा हात घट्ट धरून बसलेली, तीही दिसत होती.

"मावशी, थांबा," भैरू म्हणाला.

मावशी वळली.

"त्यो ट्रे ठेवा खाली. हात नगा लावू कुणी. वाफेनं जात न्हाई त्ये." तो मावशीच्या आडवा उभा राहिला. "माझ्या लेकीनं मगज खाल्लंय. चमकल्यालं. मी मगाशी खोटं बोललो."

आधी कुणाला काही कळलंच नाही. मग मावशीनं ट्रे सोडलाच जवळजवळ, भिंतीकडेच्या टेबलावर तो दणकन आपटला, आणि ती आपले दोन्ही हात अंगापासून लांब धरून उभी राहिली, ते कुठं ठेवावेत हे कळत नसल्यासारखी. खालच्या गावच्या पोरानं बायकोला ओढत बाकावरून उठवलं. त्याची आई तोंडाला पदर लावून मागं मागं सरकत गेली. सिस्टर ओरडत आत पळाली. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, त्यांनी आपल्या बोटांकडं बघितलं, मग भैरूकडं. त्या काय बोलल्या ते त्याला आठवत नाही. बरंच बोलल्या, आणि त्यात काही चूक नव्हतं. आबा हात जोडून सगळ्यांना सांगत होते, माझं हाय, गुन्हा माझा हाय, पण त्यांच्याकडं कुणी बघत नव्हतं.

थोड्या वेळानं व्हरांडा रिकामा झाला. आतून पोरीचं रडणं ऐकू येत होतं. ते थांबत नव्हतं. कुणी तिला उचलत का नाही हे भैरूला समजेना, आणि मग समजलं.

तो दारात गेला. कुणी अडवलं नाही. आत खोलीत कुणीच नव्हतं. सानिका कंबरेखाली बधिर होऊन पडली होती, तिला कुशीवरही वळता येत नव्हतं. हातभर अंतरावर, पाळण्याच्या पेटीत, पोर आक्रोश करत होती. अजून तिचं अंगही धड पुसलेलं नव्हतं.

सानिकानं बापाकडं पाहिलं.

"सांगितलंसा."

"व्हय."

"शपथ घेतलीती."

"व्हय पोरी. भायेर एक जण बसलीती. तुझ्याच वयाची."

सानिकानं डोळे मिटले. तिच्या डोळ्यांतून पाणी कानाकडं ओघळत राहिलं. पोर रडून रडून लालबुंद झाली होती. भैरू पाळण्यापाशी जायला धजत नव्हता, लेकीनं परवानगी दिल्याशिवाय त्याला आता कशालाच हात लावायचा नव्हता.

"मग उभं काय ऱ्हायलाय?" सानिका डोळे न उघडताच म्हणाली. "घ्या तिला. सगळी पळाली. आता आपल्याबिगर हिला कोण घेणार हाय?"

भैरूनं नातीला उचललं, शर्टाच्या टोकानं तिचं तोंड पुसलं, आणि आईच्या छातीशी नेऊन ठेवलं.